साडूच्या विमानाला माझ्या जीपची काच

"हात आत घ्या, भाऊ. आत घ्या म्हणतो ना तुमाले," साडू ओरडत होता. "बर्फ कॉम्प्युटरच्या आत पडून राह्यला. तुमी बाहेरून काय घासता?"

माझा हात मात्र ऐकायच्या पलीकडे गेला होता. प्लायवूडच्या खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर निघून तो समोरच्या काचेवर तंबाखू घासत होता. आधी उभा, मग आडवा, मग गोल. अगदी पद्धतशीर. डाव्या हातात विमानाचा दांडा, उजव्या हातात तंबाखूचा ओला बोळा, समोर पांढरंफेक, आणि कुठूनसा एक भोंगा डुकराचं पिल्लू दाबल्यासारखा केकाटत होता. साडूच्या म्हणण्याप्रमाणे त्या भोंग्याचा अर्थ, विमान आता पडणार. माझ्या कानाला तो मागून ओव्हरटेक मागणाऱ्या ट्रकचा वाटला. मी त्याला साइड देण्यासाठी दांडा डावीकडे घेतला.

विमान पडलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडलं, पण मी सीटवरून खरोखरचा उडालो आणि डोकं प्लायवूडला आपटलं. विमान पडल्यावरही माझा हात थोडा वेळ घासतच होता.

मागे माझी अख्खी सासुरवाडी उभी होती. सासरे, सासूबाई, मेहुणी, आळीतली माणसं, आणि साडूच्या क्लासमध्ये पोरं घालावीत की नाही हे ठरवायला आलेले पालक. पहिल्यांदा कोण हसलं ते मला आजही ठाऊक आहे, पण त्या माणसाला मी माफ केलंय कारण तो पुढे मूळव्याधीने बेजार झाला. मग सगळेच हसले. अकोल्याच्या त्या समोरच्या खोलीचे पत्रे हसण्याने वर उचलले गेले आणि पुन्हा खाली बसले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. त्या सगळ्यांत माझी बायकोही होती. तोंडाला पदर लावून हसली असती तर मी सोडून दिलं असतं. ती पदर सोडून हसली.

आता वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस वेडा होता की काय. तर नाही. माझी बाजू ऐका.

त्या वर्षांत मी दर्यापूर–अकोला लाइनीवर काळीपिवळी जीप चालवत होतो. बी. ए. झालेलो होतो, पण बी. ए.ला वायपर बसवता येत नाही आणि माझ्या जीपला तो नव्हता. म्हणजे त्याची दांडी होती, तिच्यावर मी गुलाबाचा हार अडकवायचो. पावसाळ्यात आमच्या लाइनीवरचे सगळे ड्रायव्हर काचेला बाहेरून तंबाखू घासायचे. ओला तंबाखू काचेवर फिरवला की पाण्याचे थेंब थांबत नाहीत, सरसर पसरून खाली जातात आणि रस्ता दिसतो. पूर्णेच्या पुलावर मुसळधार पाऊस, आत कोंबलेली माणसं, टपावर बकऱ्या, आणि मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच घासतोय, असं मी इतकी वर्षं केलं होतं की समोरचं दिसेनासं झालं की हात आपोआप खिशाकडे जायचा. झोपेत धुकं दिसलं तरी मी बायकोच्या तोंडावर हात फिरवायचो, असं ती सांगते.

आणि दुसरी गोष्ट, जी साडूने त्या दिवशी कोणालाच सांगितली नाही. ती काच माझी होती.

माझी आधीची जीप भंगारात गेली तेव्हा तिची पुढची काच मी काढून ठेवली होती. सपाट, जाड, एका कोपऱ्यात बोराएवढा चरा. साडू दर्यापूरला आला तेव्हा ती त्याच्या नजरेत भरली. "भाऊ, ही काच मले देता काय? विमानाची केबिन बनवून राहिलो." मी दिली. दिली म्हणजे स्वतःच्या जीपच्या टपावर गाद्यांमध्ये गुंडाळून अकोल्याला पोचवून दिली, वर स्क्रूही लावून दिले. ज्या काचेला मी सगळे पावसाळे तंबाखू चोळला तीच काच समोर आणून बसवली, तिच्यामागे कॉम्प्युटर ठेवला आणि तो पांढरा केला, तर माझा हात कुठे जाणार होता? हारमोनियमवर?

साडू तसा अमरावतीचा. तिथे त्याचा कॉम्प्युटर क्लास आधीपासून होता. शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांची पोरं त्याच्याकडे टायपिंगपासून सुरुवात करून काहीतरी मोठ्या इंग्रजी नावाच्या सर्टिफिकेटापर्यंत जायची. त्या काळात वऱ्हाडात कापसाचं जे झालं ते झालं. ज्याच्या घरी दोन पोरं होती तो एकाला तरी काळ्या मातीतून उपटून दुसरीकडे कुठेही रोवायला बघत होता. नर्सिंग, हॉटेल, कॉल सेंटर, काय वाट्टेल ते. साडूने हे ओळखलं आणि थेट आकाश विकायला काढलं. एक खेळातलं विमान कॉम्प्युटरमध्ये टाकलं, दांडा जोडला, मागून उघडी अशी प्लायवूडची पेटी ठोकली, तिला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापल्या आणि पुढे माझी काच. झाला पायलट क्लास. अमरावतीत तो चालला तशी त्याला अकोल्यात शाखा हवी झाली. सासऱ्यांनी समोरची खोली देऊन टाकली. त्या खोलीत पूर्वी मी सासुरवाडीला गेलो की पंख्याखाली झोपायचो. आता तिथे विमान झोपत होतं.

दसऱ्याला उद्घाटन. पालक जमलेले. आधी त्याच्याच क्लासच्या एका पोराने विमान उडवलं. स्वच्छ निळं आभाळ, खाली हिरवं रान, पोरगं आरामात उतरलं. मग साडू म्हणाला, "आता आमचे भाऊ बसतील. भाऊ तर रोजचे ड्रायव्हर." मी फुलून बसलो. तो वाकला, कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं, आणि आभाळ राखाडी झालं, मग काचेच्या कडेने पांढरं चढायला लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी पडल्यावर तो स्वतः बसला. तेच आभाळ, तोच बर्फ. पालकांकडे वळून मास्तरी आवाजात म्हणाला, "घाबरायचं नाही. आधी हीटर चालू. मग नाक खाली, गरम हवेत यायचं. तरी काच मोकळी नाही झाली तर बाजूच्या खिडकीतून पाहायचं. काच पुसायची नाही." शेवटच्या वाक्यावर पुन्हा पत्रे उचलले गेले. त्याने विमान लोण्यासारखं उतरवलं. पालकांनी तिथल्या तिथे पोरांची नावं घातली.

निघताना मी त्याला कोपऱ्यात गाठलं. "साडूभाऊ, मलेच काहून बर्फ लावला?"

"मुद्दामच लावला ना, भाऊ," तो अगदी मोकळेपणी म्हणाला. "शिकलं नाही तर काय होते, ते पालकांले दाखवा लागते. तुमच्यापेक्षा चांगलं उदाहरण मले कोठी भेटलं असतं?"

त्या क्षणी मी ठरवलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण करायचं हे ठरलं.

तरीही गोष्ट अकोल्यात राहिली असती तर मी कदाचित विसरलो असतो. मी मनाने मोठा माणूस आहे, उंचीनेही आहे. पण परत येताना जीपमध्ये मागच्या सीटवर चाचा बसला होता.

चाचा म्हणजे आमच्या दर्यापूरचा गादीवाला. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया शिवायचा, त्यासाठी गावोगाव फिरायचा. आणि त्याला गोष्ट सांगता यायची. कापसाच्या एका गाठीतून जसा तो पिंजून पिंजून खोलीभर ढग करायचा, तसंच एका वाक्याचं करायचा. दर्यापूर ते अकोला, दर्यापूर ते भातकुली, जिथे चाचा गाडीत चढला तिथे वर्तमानपत्र वाचायची गरज नसे. माझ्या बायकोला हसू आवरत नव्हतं. वाटेतलं म्हैसांग यायच्या आत तिने चाचाला सगळं सांगितलं. मी आरशातून पाहत होतो. चाचा ऐकताना हसला नाही. फक्त दाढीवरून हात फिरवत राहिला. कसलेला माणूस माल हातात घेऊन जसा तोलतो तसा तोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर लागलो तर पहिला प्रवासी म्हणाला, "पायलट, किती वेळ हाय टेकऑफले?"

त्यानंतर मी पायलट. लाइनीवरचे ड्रायव्हर पायलट म्हणायचे, हवालदार पायलट म्हणायचा, चहावाला पायलटचा कप वेगळा काढायचा. माझ्या गाडीत बसताना लोक एकमेकांना म्हणायचे, पट्टा बांधा रे. समोर बैलगाडी आडवी आली की मागून आवाज यायचा, "पायलट, तंबाखू काढ." चाचाच्या गोष्टीत मी आता नुसता तंबाखू घासत नव्हतो. मी विमानातून बाहेर निघून पंखावर चालत जाऊन काच घासत होतो, एका हाताने धोतर सांभाळत. मी आयुष्यात धोतर नेसलेलं नाही.

एक मात्र खरं. त्या वर्षांत त्या रस्त्यावर माणसं मुकाट बसायला लागली होती. बाजारातून येणारी गाडी पूर्वी कशी कलकलायची. आता कोणी कोणाला पेरणीचं विचारत नसे, पिकाचं तर नाहीच. कधी कोणाच्या मयतीला निघालेली माणसं चढायची, आणि मयत कसल्या ते विचारायचं नसायचं. कधी मुंबई-दिल्लीकडचे पाहणी करणारे लोक माझी गाडी ठरवायचे आणि वाटभर शेताकडे बघत चुकचुकायचे. अशा त्या गाडीत हसायला एकच सामान शिल्लक होतं. ते म्हणजे मी. चाचाला मी एकदा रागाने म्हणालो, "चाचा, पुरे करा ना आता." तर तो म्हणाला, "अरे पायलट, लोग हस रहे ना? हसू दे. तेरा क्या जाते?"

माझं काय जात होतं ते मलाच माहीत. घरी गेलो की बायको भाकरी वाढताना मध्येच थांबायची, ओठ दाबायची. मला कळायचं, आत्ता तिला खिडकीतून बाहेर निघालेला हात दिसला.

पण ज्याच्या मागे न्याय असतो त्याला हत्यार सापडतंच. मला ते माझ्याच शेतात सापडलं.

दिवाळी सरली आणि कपाशीवर लाल्या आला. पानं लाल पडून वाळतात, त्यावर मॅग्नेशियमची फवारणी करतात. कृषी केंद्रात पांढरी खडेमिठासारखी पिशवी मिळते, पाण्यात विरघळवायची आणि मारायची. मी बादलीत जरा जास्तच घट्ट कालवलं, पंपात भरलं आणि नोझल साफ आहे का बघायला एक फवारा हवेत सोडला. वारा होता. फवारा जाऊन पडला जीपच्या काचेवर. मी बांधावर बसून भाकर खाल्ली, परत आलो आणि जागीच उभा राहिलो.

काच गोठली होती.

आमच्या खारपाणपट्ट्यात पांढरं मीठ काही नवीन नाही. आमच्या विहिरीच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या होतात, भिंती पांढऱ्या होतात, आंघोळ करून उन्हात उभा राहिलो तर मीही होतो. पण हे तसं नव्हतं. काचेवर पिसं उमटली होती. मोराची नाही, पांढऱ्या पाखरांची. एकातून एक फुटलेली, टोकदार, चमकणारी. हुबेहूब साडूच्या कॉम्प्युटरमधला बर्फ. त्याहून सरस. त्याच्या बर्फाला बोट लावलं तर काही लागत नव्हतं, याला लावलं तर नख अडत होतं.

मी काचेसमोर हात जोडले. खरोखर जोडले.

त्यानंतर मी घाई केली नाही. घाईने केलेला सूड कच्च्या संत्र्यासारखा, सोलायला त्रास आणि तोंड आंबट. हिवाळाभर मी तयारी केली. काचेचा तुकडा घेऊन गोठ्यामागे प्रयोग केले. गरम पाण्यात जास्त विरघळतं हे कळलं. नुसतं पाणी काचेवर ओघळतं, पण त्यात शाम्पू टाकला की सारखं पसरतं आणि ओलं असेपर्यंत काच आरशासारखी स्वच्छ दिसते, हे कळलं. वाळायला लागलं की मग कोपऱ्यातून पिसं निघतात. किती गरमीत किती वेळ लागतो तेही कळलं. बायको दोनदा म्हणाली, "आवो, शाम्पूच्या पुड्या कोठी जातात?" मी म्हणालो, उंदीर.

आणि त्या वर्षी धोंड्याचा महिना जेठात आला. देव कोणाच्या बाजूने होता ते यावरून समजा.

धोंड्याच्या महिन्यात जावयांना बोलावून अनारसे खाऊ घालतात, दिव्याने ओवाळतात, मान करतात. सासूबाईंनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. साडूने त्याच सकाळी नव्या बॅचच्या पालकांनाही बोलावून घेतलं, म्हणजे जेवायच्या आधी एक प्रात्यक्षिक. मला निरोप आला तेव्हा मी फक्त एवढंच केलं की सासूबाईंना फोन करून म्हणालो, "तुमच्या गाद्या भल्ल्या कडक झाल्या, आई. चाचाले सोबत घेऊन येतो, पिंजून देईल." ज्या तोंडाने माझी बदनामी रस्ताभर पेरली त्याच तोंडाने साडूची उगवली पाहिजे. साक्षीदार मी घरून घेऊन निघालो.

जेठातलं अकोला ज्याने पाहिलं नाही त्याला काय सांगणार. त्या दिवशी डांबर रस्त्यावरून उठून सावलीत जाऊन बसलं होतं. कावळे पायी फिरत होते. सासऱ्यांच्या दारातल्या कुलरचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. पण तो किती वेळ चालणार हे मला माहीत होतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्या काळात लेकरांनाही पाठ असायचं. वीज जाणार, कुलर बंद पडणार, कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन इन्व्हर्टरवर चालणार, आणि ती पत्र्याची खोली भट्टी होणार. मी मुद्दाम त्याच वेळेला पोचलो. हातात पाण्याची बाटली. पाणी कोमट होतं, पण जेठात कोणाचं नसतं?

वीज गेली. पालक रुमालाने वारा घेऊ लागले. साडू टाय बांधून उभा होता. होय, टाय. मी पुढे झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साडूभाऊ, काचेवर धूळ बसली. पुसून देऊ काय?"

खोलीत हसू फुटलं. ज्यांना दसऱ्याची गोष्ट माहीत नव्हती त्यांना शेजाऱ्यांनी सांगितली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "काच दिसली का जावईबापूचे हात शिवशिवतातच." साडू उदार झाला. "पुसा, भाऊ. पण तंबाखू नको बरं."

"नाही बाप्पा. साधं पाणी."

मी बाटली उघडली, फडकं भिजवलं आणि ती काच पुसली. माझी काच. बोराएवढा चरा ओळखीचा होता, त्याच्यावरून हलकेच बोट फिरवलं. आतून चांगली सढळ पुसली. लोक हसत होते आणि मी मान खाली घालून पुसत होतो, इतका गरीब चेहरा करून की चाचालाही वाईट वाटलं असावं. तो कोपऱ्यात गादी उसवत बसला होता, त्याने हात थांबवला. मी टेबलफॅन जरासा काचेकडे वळवला, "सायबाले हवा लागू द्या" म्हणून, आणि मागे जाऊन भिंतीला टेकलो.

साडू केबिनमध्ये बसला. विमान धावपट्टीवरून उठलं. "आज आपण बर्फाचा धडा घेणार नाही," तो आतून म्हणाला, "आज स्वच्छ हवामान आहे."

डाव्या कोपऱ्यातून पहिलं पीस निघालं.

एक पालक म्हणाला, "वा. किती खरं वाटते." दुसरा म्हणाला, "सर तर म्हणे आज बर्फ नाही." साडू हसला. मग त्याचं हसणं जरा थांबलं. पिसं दुसऱ्या कोपऱ्यातून निघाली, मधे आली, एकमेकांना भेटली. मी सांगतो, थंड देशातही इतका देखणा बर्फ पडत नसेल. पत्र्यातून आग बरसते आहे, माणसांच्या हनुवटीवरून घाम टपकतो आहे, आणि साडूच्या विमानाची काच गोठते आहे.

"हीटर चालू करू," साडू म्हणाला. टक. टक. टकटकटक.

"सर, बर्फ काहून जात नाही?"

"वेळ लागतो. आता नाक खाली, गरम हवेत यायचं." विमान खाली आलं. बर्फ जाड झाला. अकोल्याच्या जेठाहून गरम हवा त्याला कुठून मिळणार होती. त्याने टाय सैल केला. त्याने कीबोर्डच्या सगळ्या कळा वाजवल्या, त्यात एकदा कुठलंसं हिंदी गाणं सुरू होऊन बंद झालं. "व्हायरस आला असेल," तो पुटपुटला. भोंगा केकाटायला लागला. तोच भोंगा. माझ्या कानांना तो सनईसारखा गोड लागला.

आणि मग मी ते बोललो, जे मी दसऱ्यापासून जिभेखाली धरून ठेवलं होतं.

"साडूभाऊ, बाजूच्या खिडकीतून पाहा ना."

तो इतका गोंधळला होता की त्याने ऐकलं. खिडकी कापली होती हात बाहेर निघेल एवढी. त्याने डोकं घातलं. डोकं बाहेर आलं, कान खरडत आलं, आणि मान वळवून तो काचेच्या पलीकडून कॉम्प्युटर बघायला लागला. आता विमान दिसत होतं, पण दांडा हाताला लागत नव्हता. दांडा धरायला डोकं आत घ्यावं लागत होतं, आणि डोकं आत जात नव्हतं. कान आडवे आले. विमानाने एकदा घिरटी घेतली आणि नाक खाली करून समुद्रात गेलं. साडूचं डोकं खिडकीबाहेर, टाय आत, आणि चेहरा पिकलेल्या टमाट्यासारखा.

मी हसलो. एवढा हसलो की भिंतीवरून घसरत खाली बसलो. पालकही हसले. सासूबाई अनारशाचं तूप घेऊन धावल्या आणि जावयाच्या दोन्ही कानांना चोळायला लागल्या. मेहुणी मागून पाय ओढत होती. सासरे म्हणाले, प्लायवूड कापा. मेहुणी म्हणाली, नका. तुपाने शेवटी काम केलं आणि डोकं सुटलं, बाटलीचं बूच निघावं तसं. एक पालक बाहेर पडता पडता दुसऱ्याला म्हणत होता, "चाल बे, आपण पोट्ट्याले आयटीआयले टाकू."

मी बायकोकडे पाहिलं. तिने हसावं, पदर सोडून हसावं, म्हणून तर हे सगळं होतं. ती काचेजवळ गेली. पिसांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"उंदीर," ती म्हणाली. फक्त मला ऐकू येईल एवढंच. आणि ओलं फडकं घेऊन तिने काच पुसून टाकली. एका फटक्यात सगळा हिवाळा गेला.

जेवताना साडूचे कान तुपाने चमकत होते. सासूबाईंनी पहिला अनारसा त्यालाच वाढला, "खाऊन घ्या बापू, भल्ला त्रास झाला तुमाले" म्हणून. मला मिळाला तो अंमळ करपलेला. चालायचंच. मी तोही सूड म्हणूनच चावला.

संध्याकाळी परत निघालो. गाडी भरलेली होती, बाजारची माणसं, मुकाट. बायको माझ्या बाजूला खिडकीकडे तोंड करून बसलेली. मी आरशातून चाचाकडे पाहत होतो. तो दाढीवरून हात फिरवत नव्हता. नुसता बाहेर बघत होता, जिथे पूर्णेच्या काठची नांगरलेली रानं उन्हाने फुटून पडली होती. म्हैसांग आलं, गेलं. मी वाट पाहिली. शेवटी पूल ओलांडला आणि मला राहवलं नाही.

"काय मग चाचा," मी म्हणालो, "उद्या सकाळच्या गाडीत साडूची गोष्ट सांगता ना?"

चाचाने तंबाखूची पुडी काढली, चिमूटभर घेतला, पुडी पुन्हा खिशात ठेवली.

"तंबाखूवाला किस्साच अच्छा आहे, पायलट."